बिनमुहूर्ताच्या दिवसांची कमाई

केरळात देवळाच्या उत्सवात किंवा निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत ‘नाशिक ढोल’ म्हणून जे कडाडतं, ते वाजवणारे बहुतेक मल्याळीच असतात. नाव तेवढं आपल्या गावाचं. नाव इतकं लांब गेलं, पण पंचवटीतल्या वाजंत्र्याच्या खिशात त्यातला छदामही येत नाही. इथल्या बँडची आणि ढोलपथकांची अडचण कलेची नाही, तारखांची आहे. तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंत लग्नतिथी, त्यातही मे महिन्यात एकाच दिवसावर चार-चार सुपाऱ्या. पुढे चार महिने ट्रम्पेट गोणपाटात. एका तिथीला एक बँड दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही, म्हणून जोडकमाई शोधायची ती उरलेल्या दिवसांतच.

आधी गळती थांबवा

जास्तीचे मिळवण्याआधी ठरलेले पूर्ण हातात पडतात का, ते पाहावं. सुपारी घेताना संवाद ठरलेला असतो. “वरात किती वाजता?” “सातला म्हणजे सातला.” सातला बँड दारात उभा, नवरदेवाचा फेटा साडेआठपर्यंत चालू, घोडी नऊला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे, त्यामुळे उशीर झाला की वेळ पुढे सरकत नाही, वाजवणंच आखडतं. मग हिशेबाला बसल्यावर वरपक्षाचे काका म्हणतात, “तासभरच तर वाजवलं, थोडं समजून घ्या.” विसार तेवढा पदरात, बाकीत कापाकापी.

यावर उपाय एका पानाचा. तारीख, हजर होण्याची आणि थांबण्याची वेळ, माणसं किती, गाडी असेल तर तिचं भाडं कोणाकडे, जेवण कोणाकडे, आणि उशीर यजमानांकडून झाला तरी बिदागी पूर्ण, हे वाक्य ठळक. बाकी रक्कम वाजवून झाल्यावर नाही, पहिलं गाणं सुरू होण्यापूर्वी. सह्या दोन्हीकडच्या. नात्यातल्या, ओळखीतल्या कार्याला कागद कसा करायचा, असा संकोच पुष्कळांना असतो. पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

ओवाळून टाकलेल्या नोटांचंही एकदा ठरवून टाकावं. हल्ली लोकांच्या खिशात सुट्या नोटा नसतात, तेव्हा ड्रमवर क्यूआर कोडचा कागद चिकटवायला लाजायचं कारण नाही. मात्र तो मालकाच्या खात्याचा असेल, तर वाटणी त्याच रात्री.

चातुर्मास ओसाड नसतो

गणपती आणि नवरात्र सगळ्यांनाच माहीत. चातुर्मासाबाहेरही नाशिकला स्वतःचं असं पंचांग आहे: रहाडींची रंगपंचमी, पाडव्याच्या स्वागतयात्रा, चैत्रात कामदा एकादशीला राम आणि गरुडाचे रथ, सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सव, पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. गावोगावच्या जत्रा वेगळ्या. यातले काही दिवस लग्नतिथींच्या बाहेर पडतात. मंडळांकडे ऐनवेळी जाण्यापेक्षा वर्षभराचा एकत्र दर दिला, तर थोडं कमी मिळूनही हातात ठरलेलं काम राहतं.

पंधरा ऑगस्ट तर बरोबर चातुर्मासात येतो. शाळांना संचलनासाठी बँड लागतो, आणि मुलांना साइड ड्रम धरायला शिकवणारा माणूस सहजी मिळत नाही. बँडमधल्या जाणत्या मास्तरांनी जून-जुलैत शाळांचे दरवाजे ठोठावावेत. आठवड्याला दोन तासिका आणि महिन्याला ठरलेलं मानधन ही कमाई लहान असली, तरी दमादमानं येते.

वीस माणसांऐवजी पाच

बँडमालकांची एक खोड आहे: पूर्ण संचाखेरीज दर सांगायचाच नाही. पण दुकानाचं उद्घाटन, घरातली हळद, नव्या ट्रॅक्टरची पूजा, निवृत्तीचा निरोप यांना वीस माणसं नकोच असतात. संबळ-सनई किंवा दोन ढोल, ताशा आणि झांज असा चार-पाच जणांचा संच, पाऊण तास, दर आधीच छापलेला. अशी कामं बिनमुहूर्ताच्या दिवशी येतात. गंगापूर रस्त्याकडची रिसॉर्ट आणि वाइनरी यांना पाहुण्यांच्या स्वागतासाठी असलाच संच सोयीचा. सुला वाइनरीच्या आवारात २००८ मध्ये सुलाफेस्ट सुरू झाला, तेव्हापासून द्राक्षमळ्यातलं संगीत शहराच्या सवयीचं झालं आहे. गिटारवाल्या तरुण बँडना ही वाट ठाऊक आहे, ढोलवाल्यांनी अजून ती नीट धरलेली नाही.

यूट्यूबवर चाल कोणाची?

सटाणा, कळवण, मालेगावकडे अहिराणी गाण्यांना भरपूर प्रेक्षक आहे, आणि बँडचे व्हिडिओही आवडीने पाहिले जातात. तरी पैसा का येत नाही? एक तर चॅनेलला एक हजार सदस्य, आणि शिवाय वर्षभरात चार हजार तास पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, एवढं झाल्याशिवाय जाहिरातींतला वाटा मिळत नाही. दुसरं कारण मोठं. सिनेमाची चाल वाजवली की यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि जाहिरातीचं उत्पन्न बहुधा संगीत कंपनीकडे वळतं.

वरातीत तीच चाल वाजवायला हरकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला किंवा हॉटेलातल्या पार्टीला ती नाही, तिथे परवाना आयोजकाने काढायचा, हे आपल्या कागदावर लिहून ठेवावं.

म्हणून चॅनेलवर टाकायचं ते स्वतःचं किंवा पारंपरिक. नवी चाल बांधणाऱ्याने आणि गीत लिहिणाऱ्याने १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्य व्हावं. गाणं दुसऱ्या कोणी जाहीर कार्यक्रमात वाजवलं, तर त्याचं मानधन तिथून येऊ शकतं. २०१२ च्या कायदादुरुस्तीने हा वाटा गीतकार-संगीतकारांकडून कायमचा लिहून घेण्याला आळा घातला. हजार रुपयांत ‘सगळे हक्क’ मागणाऱ्या कॅसेट कंपन्यांच्या वारसदारांना हे ऐकवायला हरकत नाही.

उचल, कर्ज, मानधन

हंगामाआधी वादक मालकाकडून उचल घेतात, आणि मालक ती सावकाराकडून आणतो. सगळी जोडकमाई त्या व्याजात गेली तर उपयोग काय? वाद्यं किंवा गाडीसाठी मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत ‘शिशु’ आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ कर्ज विनातारण मिळतं. बँक हिशेब मागते, तिथे वर सांगितलेले सुपारीचे कागद कामाला येतात. वय झालेल्या वादकांसाठी राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना आहे, २०२४ पासून महिना पाच हजार रुपये.

सिंहस्थ

सिंहस्थात लग्न करू नये असं मानणारी घरं आजही आहेत, तेव्हा त्या काळात लग्नाच्या सुपाऱ्या थोड्या घटल्या तर नवल नको. भरपाई मिरवणुकांतून व्हावी. कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे. अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन चातुर्मासात. त्यातलं तिसरं तर गणेशोत्सवातच येतं, त्या दिवशी माणसं कमी पडतील. आखाड्यांच्या मिरवणुकांना बँड लागतात, आणि बाहेरगावचे बँडही येणारच. आपल्या पथकाचं दरपत्रक आणि वाजवण्याची पाच मिनिटांची फीत आयोजकांकडे आधी पोचवा, आणि गणपतीच्या मंडळाला ‘हो’ म्हणण्यापूर्वी कॅलेंडर उघडून पाहा.