संकटात संस्थेने बोलावे कसे?



गावावर संकट आले की माणसे बातमीसाठी कान टवकारतात. ज्यांनी खरे सांगायचे ते गप्प बसले, तर ती जागा अफवा घेते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीपालकांनी हे सोसले. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी आवई उठली. ती खोटी असल्याचा खुलासा सरकारने केला, पण तोवर गिऱ्हाईक पळाले होते. भाव असे कोसळले की काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी जिवंत पुरले.

पुढे २०२२ च्या पावसाळ्यात गाई-बैलांवर लम्पी आला. त्या वेळी माझ्या कार्यक्षेत्रातील दोन गावांत जे पाहिले, ते सांगतो.

पहिले गाव

अंगावर गाठी आलेली पहिली गाय दिसली, तरी दूध संस्थेचे पदाधिकारी चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी फलकावर एकच ओळ आली : ‘रोगी जनावरांचे दूध घेतले जाणार नाही.’ रोग कसा ओळखावा, कोणाला कळवावे, काही नाही. मग लोकांनी जनावरे लपवली. एकाने आजारी गाय शेतातल्या छपरात नेऊन बांधली. डॉक्टरांना बोलावले तेव्हा उशीर झाला होता. गाय गेली आणि शेजारच्या दोन गोठ्यांतही गाठी दिसू लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण रोगराईत उपयोगाची नाही.

दुसरे गाव

इथल्या सचिवांनी त्याच संध्याकाळी, दूध घालायला सगळे जमले असताना, पशुवैद्यकीय डॉक्टरांना उभे केले. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितले : हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. डास, माशा आणि गोचीड तो पसरवतात, म्हणून आजारी जनावर वेगळे बांधा, गोठ्यात फवारणी करा. औषधोपचार चालू असलेल्या गाईचे दूध मी सांगेन तितके दिवस डेअरीला घालू नका. लस कधी येईल ते आज ठाऊक नाही. उद्या याच वेळी सांगतो.

दुसऱ्या दिवशी लस आली नव्हती. तरीही सचिवांनी ठरल्या वेळी येऊन ‘अजून आली नाही’ एवढेच सांगितले. त्या एका वाक्याने लोकांचा विश्वास बसला. पुढे सरकारने मृत जनावरांसाठी मदत जाहीर केली : दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये. हे आकडे फलकावर लागले; पंचनाम्याशिवाय मदत नाही, हेही लिहिले. मग लपवण्यात अर्थच उरला नाही. लोक आपण होऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. जनावरे तिथेही दगावली, पण रोग उघड्यावर राहिला, म्हणून उपचार वेळेवर झाले.

आपण काय करावे?

१. पहिल्याच दिवशी बोला. पूर्ण माहिती मिळेपर्यंत थांबू नका.

२. बोलणारा एकच असावा. चेअरमन एक सांगतात आणि सचिव दुसरे, असे झाले की गाव तिसरेच ऐकते.

३. तीन गोष्टी सांगा : काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि आज घरी गेल्यावर काय करायचे.

४. पुढची वेळ सांगा आणि ती पाळा. नवे काही नसले तरीही.

५. फलक, देवळाचा भोंगा, मोबाईलवरचा गट, सगळीकडे मजकूर एकच ठेवा. गोठा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. बातमी तिच्यापर्यंत पोचलीच पाहिजे.

६. ज्याच्या गोठ्यात रोग आला, त्याला चारचौघांत बोल लावू नका. आज त्याला दोष दिलात, तर उद्या दुसरा लपवील.

७. संस्थेची चूक झाली असेल, तर ती संस्थेनेच आधी सांगावी. बाहेरून कळली तर पुढचे खरेही कोणी मानत नाही.

हे नियम पुराला, आगीला, विषबाधेलाही लागू आहेत. येत्या मासिक सभेत एवढे तरी ठरवा : संकटात कोण बोलणार, कुठे आणि किती वाजता. डॉक्टर, तलाठी, ग्रामसेवक यांचे नंबर फलकाच्या कोपऱ्यात आजच रंगवून घ्या. तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याला पाणी वेळेवर मिळत नाही.