फोटोच्या पोटात काय दडलंय?

नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. लातूरकडच्या लेकीही तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकतात. अशा लेकीला विचारा, फोटोत निरोप कसा लपवतात? डिजिटल फोटो म्हणजे बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, याचे ० ते २५५ मधले आकडे असतात. २०० चा २०१ केला तरी डोळ्यांना कळत नाही. अशाच फरकांत अक्षरं दडवतात.

हे झालं मुद्दाम लपवलेलं. पण आपला मोबाइल न सांगताच फोटोसोबत तारीख-वेळ नोंदवतो. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल, तर घराचा ठावठिकाणाही! व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद पुसली जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सोबत जाते. तेव्हा लेकीबाळींचे फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा, बरं का!