सामान्य वास्तू : संगीतेतिहासाचे एक साधन

संगीताचा इतिहास लिहिताना वास्तूचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील ‘हिट्सव्हिल’ हे साधे घर अभ्यसनीय ठरते. ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रण संस्थेचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी ते १९५९ मध्ये विकत घेतले. घराच्या मागील भागातील छायाचित्रकाराच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण होऊ लागले. वरच्या मजल्यावर गॉर्डी कुटुंब राहत असे. छताला भोक पाडून माळ्याची पोकळी प्रतिध्वनीसाठी वापरण्यात आली. म्हणजेच मोटाउनच्या गीतांतील नादाची घडण या घराच्या रचनेशी निगडित होती. संस्थेने १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला स्थलांतर केले. तथापि १९८५ मध्ये येथे संग्रहालय स्थापन झाल्याने हा पुरावा टिकला. केवळ भव्य सभागृहेच जतन केल्यास असा पुरावा कायमचा नष्ट होईल. म्हणून संगीताच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रिकांच्या श्रवणाबरोबरच अशा वास्तूंचे प्रत्यक्ष अवलोकन करणे आवश्यक आहे.