एटनाच्या लाव्हावरचे द्राक्षमळे

एटनावर एखादा मळा तिथेच का संपतो हे जाणून घ्यायचं, तर लाव्हा कुठे थांबला ते आधी पाहावं लागतं. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरचा, ३,३०० मीटरहून उंच असा हा ज्वालामुखी आजही जागा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. इथे मात्र १९८१ च्या मार्चमध्ये लाव्हाने रांदाझ्झोजवळचे मळे आणि बागा गाडून टाकल्या. अशा खडकावर आधी दगडफूल धरतं, मग झुडपं येतात. वेल रुजेल अशी माती व्हायला शतकं लागतात. त्यामुळे बांधाला बांध असलेल्या दोन मळ्यांच्या जमिनींत हजारो वर्षांचं अंतर असू शकतं. अशा टापूला तिथे ‘कोंत्रादा’ म्हणतात. आता बाटलीवरही त्याचं नाव छापलं जातं.

डोंगराच्या उत्तर, पूर्व आणि दक्षिण अंगांना हे मळे अर्धचंद्रासारखे पसरले आहेत, बहुतेक ४०० ते १,००० मीटर उंचीवर. रात्री गारठा असतो, म्हणून तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबते. पूर्वेकडच्या मिलो गावात पाऊस भरपूर. तिथलं पांढरं कार्रिकांते द्राक्ष चांगलंच आंबट. उत्तरेकडे राज्य नेरेल्लो मास्कालेझे या काळ्या द्राक्षाचं. त्याची वाइन रंगाने फिकी, पण तुरटपणा पक्का.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किड्याने फ्रान्सचे मळे पोखरले, तेव्हा रिपोस्तो बंदरातून इथली वाइन जहाजं भरभरून गेली. पुढे फ्रान्स-इटलीचं जकातयुद्ध पेटलं, आणि तोच किडा सिसिलीतही आला. १९२८ मध्ये मास्काली गाव लाव्हाखाली गेलं. माणसं परदेशी निघून गेली, पायऱ्यापायऱ्यांचे मळे ओस पडले. वालुकामय राखेत किड्याचं फारसं चालत नाही. म्हणून काही ठिकाणी अमेरिकन खुंटावर कलम न केलेले, स्वतःच्या मुळांवरचे शंभरी ओलांडलेले वेल आजही फळतात.

मला सर्वाधिक हळहळ वाटते ती ‘पाल्मेंतो’ची. लाव्हाच्या दगडात बांधलेलं हे गाळपघर. वरच्या हौदात द्राक्षं ओतून पायांनी तुडवायची, रस उतारानेच खालच्या हौदात यायचा. उरलेला चोथा प्रचंड लाकडी तुळईखाली दाबायचा. पंप नाही, वीज नाही. युरोपीय स्वच्छता नियमांमुळे विक्रीची वाइन तिथे करणं बंद झालं. सच्छिद्र दगड निर्जंतुक करणं अवघड, हे मान्य. पण पिढ्यान्‌पिढ्यांची घरं कुलूपबंद होण्याऐवजी छोट्या उत्पादकांसाठी वेगळी तरतूद करता आली असती.

१९६८ मध्ये एटनाच्या वाइनला ‘डीओसी’ हा भौगोलिक दर्जा मिळाला, तरी खरी जाग आली १९८८ नंतर. कातानियाचे उद्योजक ज्युझेप्पे बेनांती यांनी वाइनतज्ज्ञ साल्वो फोती यांना सोबत घेऊन जुन्या मळ्यांत नव्याने काम सुरू केलं. एकेक वेल चेस्टनटच्या खुंटीला बांधून झुडपासारखा वाढवायची ‘अल्बेरेल्लो’ पद्धत फोतींनी सोडली नाही. या मळ्यांत ट्रॅक्टर शिरत नाही. छाटणी, खुरपणी, पडक्या दगडी ताली पुन्हा रचणं, सगळं हातानेच. त्यासाठी फोतींनी स्थानिक कामकऱ्यांचा गट बांधला आणि कातानियात १४३५ साली स्थापन झालेल्या द्राक्षमळेकऱ्यांच्या संघाचंच नाव त्याला दिलं: ‘ई विन्येरी’.