मीठ न धरणारा काळा पापुद्रा

मालाडच्या पश्चिमेला, मनोरीला, समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे. सुरुवातीला रोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी. भातसा, तानसा, वैतरणेच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात जून कोरडा गेला की पाणीकपात ठरलेली; म्हणून सगळी चर्चा गोड्या पाण्याचीच होते. मला काळजी वाटते ती उरणाऱ्या पाण्याची. अशा प्रकल्पांतल्या रिव्हर्स ऑस्मोसिसमध्ये, म्हणजे दाब देऊन पाणी पडद्यातून गाळण्यात, समुद्राच्या १०० लिटर पाण्यातून साधारण ४० ते ४५ लिटर गोडं पाणी निघतं. बाकीचं, पावणेदोन पट खारट झालेलं, बहुतेक ठिकाणी परत समुद्रातच सोडतात.

या जास्तीच्या खारट पाण्याशी झुंजणारं एक संशोधन उपनगरातच, पवईला, आयआयटी मुंबईच्या पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी विभागात झालं आहे. ते प्रा. स्वतंत्र प्रताप सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांचं साहित्य म्हणजे लेसरने घडवलेलं ग्राफीन.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी थर. तो शुद्ध रूपात बनवणं खर्चाचं काम. २०१४ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने एक सोपी वाट दाखवली. पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवायचा. ना भट्टी, ना निर्वात पेटी, उघड्या हवेत. लेसर पडेल तिथे क्षणभर प्रचंड उष्णता होते, बाकीची मूलद्रव्यं वायुरूपाने निघून जातात आणि मागे उरलेला कार्बन सच्छिद्र, काळ्याभोर ग्राफीनच्या रूपात बसतो. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्या यंत्रांमध्येही याच जातीचा लेसर असतो. म्हणूनच मला ही पद्धत महत्त्वाची वाटते: ती छोट्या कारखान्याच्या आवाक्यात येऊ शकते.

सिंह यांनी पवईला येण्याआधी इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात याच ग्राफीनवर काम केलं होतं. पवईच्या गटाने दोन पॉलिमर एकत्र आणले. पॉलिइथर सल्फोनने मजबुती दिली, पीव्हीडीएफने पाणी झिडकारण्याचा गुण. त्यावर लेसर फिरवून जो पापुद्रा तयार झाला, त्यावर पाणी अळूच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा होऊन राहतं, पसरत नाही.

या पापुद्र्याचं काम म्हणजे ऊन शोषून पाणी वाफवणं; ती वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं. पण खरी करामत मिठाशी सामना करण्यात आहे. उन्हाने पाणी वाफवणाऱ्या साधनांचा जुना शत्रू म्हणजे मीठ. पाणी उडून जातं, मीठ पृष्ठभागावर साचतं, त्याचा पांढरा थर ऊन अडवतो आणि काही काळात काळ्या पृष्ठभागाचा उपयोगच संपतो. पाणी जिथे चिकटत नाही तिथे मीठही सहजी ठाण मांडत नाही. त्यामुळे अतिशय खारट पाण्यातही, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातही, हा पापुद्रा काम करतो. शिवाय ग्राफीनमधून वीज वाहते. ऊन असेल तेव्हा उन्हाने, ढग आले की विजेने तो तापवता येतो. मुंबईत जून ते सप्टेंबर सूर्याचा काय भरवसा, हे वेगळं सांगायला नको.

मर्यादाही स्वच्छ सांगायला हव्यात. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला १ किलोवॉट धरलं, तर तासाला जेमतेम दीड लिटर. दिवसाचे असे ६ तास मिळाले तरी ९ लिटर. निव्वळ उन्हावर रोज २० कोटी लिटर मिळवायचं तर २२ चौरस किलोमीटर पापुद्रा अंथरावा लागेल, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक पंचमांशाहून जास्त जागा. असे अनेक पापुद्रे एकावर एक रचले, तर वाफेची उष्णता पुन्हा वापरता येते आणि उत्पन्न वाढतं. तरी मनोरीच्या प्रकल्पाला हा पर्याय नव्हे. याची जागा त्या प्रकल्पाच्या शेपटाकडे आहे, जिथे नेहमीची यंत्रं मिठापुढे हात टेकतात.

पीव्हीडीएफ हा फ्लोरिनयुक्त पॉलिमर आहे. अशा रसायनांकडे आज जगभर संशयाने पाहिलं जातं, आणि लेसरखाली तो जळताना निघणारा धूर नीट शोषून घ्यावाच लागेल. वापरून झालेल्या पापुद्र्याचं पुढे काय करायचं, याचंही उत्तर तो कारखान्यात बसवण्याआधी मिळायला हवं. आणि खाडीचा वारा, शेवाळ, तेलाचे तवंग यांत तो किती महिने टिकतो, हे मनोरीसारख्या किनाऱ्यावरच तपासावं लागेल.