हैदराबाद संस्थानातील नागरी प्रतिकार व सत्तांतर (१९३८-१९४८)

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हा पैनगंगेकाठचा मराठीभाषक परिसर पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. नदीपलीकडील वऱ्हाडात १९३७ साली निवडणुका होऊन प्रांतिक मंत्रिमंडळ सत्तेवर आले. अलीकडे मात्र राजकीय सभेसाठीसुद्धा सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक होती. संस्थानातील चळवळीचे मूळ या फरकात शोधावे लागते.

राज्यव्यवस्थेचे स्वरूप

सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या १९४१ साली १ कोटी ६३ लाख होती. अंतिम सत्ता निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानात होती. लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ नव्हते. १९३७ मध्ये परतूर येथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेसारख्या भाषिक संस्थांनी सनदशीर मार्गाने मागण्या मांडल्या. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घालण्यात आली.

१९३८ चा सत्याग्रह

बंदी मोडून ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल, स्वामी रामानंद तीर्थ आदींनी कारावास पत्करला. त्याच काळात वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले; त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. आर्य समाज व हिंदू महासभा यांचे सत्याग्रहही त्याच वेळी चालू असल्याने राजकीय हक्कांच्या लढ्याला धार्मिक रंग येण्याचा धोका होता. डिसेंबरमध्ये गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. बंदी मात्र १९४६ पर्यंत टिकली.

आदिलाबादच्या जंगलपट्टीत प्रश्न वेगळा होता. राखीव जंगले व चराईकर यांमुळे गोंडांच्या जमिनी व उपजीविका धोक्यात आल्या. कोमराम भीम यांचा सशस्त्र लढा १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांच्या मृत्यूने संपला. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाहणीसाठी पाठविले. पुढे मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले व देवनागरी लिपीत गोंडी पुस्तके तयार झाली. म्हणजे दडपलेल्या उठावामुळेही शासनाला धोरण बदलावे लागले.

१९४७-४८

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा निर्णय जाहीर केला. ७ ऑगस्टपासून भारतात विलीन होण्यासाठी सत्याग्रह सुरू झाला. सनदशीर मार्ग बंद होताच हिंसा वाढली. कासिम रझवी यांच्या रझाकारांचा जोर वाढला, तर सीमेवरील शिबिरांतून सशस्त्र प्रतिकार होऊ लागला. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईने संस्थानाची सत्ता संपली.

कारवाईच्या काळात व तिच्यानंतर झालेल्या हिंसेत मुख्यत्वे मुस्लिम प्रजा बळी पडली. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. ज्या सामान्य माणसाचा राज्यकारभारात काहीच वाटा नव्हता, त्याला केवळ राज्यकर्त्याच्या धर्माचा म्हणून किंमत मोजावी लागली.

अध्यापनाच्या दृष्टीने

१९५२ च्या निवडणुकीनंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले. बेला आंध्र प्रदेशात राहिला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. त्यामुळे एकाच इतिहासाची मांडणी दोन राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत विभागली गेली. वर्गात हा विषय शिकविताना राज्यकर्ता व प्रजा यांचा संघर्ष हिंदू-मुस्लिम संघर्ष म्हणून मांडला, तर शोएबुल्ला खान यांचे बलिदान समजत नाही आणि सप्टेंबरनंतरचे बळीही नजरेआड होतात. अनियंत्रित सत्तेला प्रजेने विचारलेला जाब या दृष्टीने पाहिल्यास दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांसमोर प्रामाणिकपणे ठेवता येतात.