दाराशीचे रान

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घरोघरी आबू, महाबळेश्वर अशी नावे निघू लागतात. सृष्टिसौंदर्य पाहावयाचे तर गाव सोडून दूर गेले पाहिजे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. प्रवासास आमचा विरोध नाही. परंतु दाराशी जे आहे ते न पाहताच दूरचे शोधू लागणे बरे नव्हे.

आमचे बडोदेच घ्या. वडाच्या झाडांवरून ज्याचे नाव पडले, ते हे शहर आज सिमेंटच्या इमारतींनी भरून गेले आहे. तरीही विश्वामित्रीच्या काठी, महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत १८७९ साली निर्माण झालेली सयाजी बाग शंभर एकरांहून अधिक जागेत पसरलेली आहे. कमाटी बाग ह्या नावानेही ती लोकांना परिचित आहे. मुले तेथे पिंजऱ्यांतील प्राण्यांकडे धावतात. त्यांना क्षणभर एखाद्या वडाखाली थांबवावे. फळे पिकली म्हणजे साळुंक्या, कोकिळा आणि तांबट ह्यांची तेथे कोण गर्दी उडते!

बागेबाहेर नदीकाठच्या घळींत मगरींची वस्ती आहे. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात पाण्याबरोबर त्या वस्त्यांतही शिरल्या आणि लोक भयभीत झाले. पण ज्या ओबडधोबड, झाडोऱ्याने भरलेल्या घळींना आपण पडीक म्हणतो, त्याच पुराचे पाणी पोटात घेतात, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्यास कशाला बोल लावावा? आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुना शिरीष आहे. पाचोळा पडतो, पक्षी घाण करतात, म्हणून तो तोडावा असा ठराव एका फाल्गुनात सभेपुढे आला. अनुकूल मत देण्यास मीही हात वर करणार, तोच शेजारची सात वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, त्या वाळक्या फांदीत तांबटाचं घर आहे."

आम्ही सारे बाहेर आलो. फांदीला लिंबाएवढे वाटोळे भोक होते आणि त्यातून तांबड्या कपाळाचे एक चिमुकले डोके आम्हांकडे पाहत होते. ठराव तहकूब झाला. पिले उडून गेल्यावर रस्त्यावर झुकलेली धोक्याची फांदी तेवढी छाटण्यात आली. झाड उभे राहिले. बारा वर्षे मी त्या फाटकातून ये-जा करीत होतो. मान वर केली ती त्या दिवशी.

म्हणून वाचकहो, ह्या सुटीत दूर जाणे जमले नाही तरी हळहळू नका. एखाद्या पहाटे मुलांचा हात धरून आपल्याच गल्लीतून चाला आणि एका झाडापाशी पाच मिनिटे उभे राहा. ज्या झाडाशी ओळख झाली, त्यावर कुऱ्हाड उचलण्यास मन सहसा धजत नाही.